पेशव्यांची फौज मोडण्याचा खेळ : प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर

आधी काम काय ते. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठा युद्धावर टेबलावर खेळायचा एक खेळ बनवतो आहे. सहा जणांसाठी, एका संध्याकाळी संपणारा. खडकी, कोरेगाव, आष्टी या लढाया मांडणारे पुष्कळ आहेत, मला त्यात रस नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या माळावर उभी राहिलेली फौज पुढच्या जूनपर्यंत काय खात होती, तिला पगार कोण देत होतं आणि ती शेवटी मोडली कशी, एवढंच दाखवायचं आहे. इतिहास मंडळात किंवा कॉलेजात असं काही करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतो आहे.

भूमिका अशा: बाजीराव, सरदार (बापू गोखले), शिलेदार (स्वतःचा घोडा घेऊन चाकरी करणारा स्वार), अरब जमादार (भाडोत्री अरब पायदळाचा नायक), लमाण नाईक (बैलांच्या तांड्यावरून धान्य विकणाऱ्यांचा म्होरक्या) आणि इंग्रज. एक डाव म्हणजे पंधरवडा. खडकीपासून ९ जून १८१८ पर्यंत साधारण पंधरा डाव होतात. तारीख ३ जून न धरता ९ जून का, ते पुढे येईल.

धान्यासाठी चिंचोके, रुपयांसाठी शर्टाची बटणं. चिंचोके घरचेच, बटणांचं मोठं पाकीट ₹१८० ला.

२३ नोव्हेंबर

नकाशा फ्लेक्सवर छापून घेतला, ₹४२०. हे करू नका. टाचणी लावली की फ्लेक्स फाटतो आणि भोक मोठं होत जातं. शेवटी तो सॉफ्टबोर्डवर चिकटवला, तेव्हा कुठे टाचण्या बसल्या.

पहिल्या नकाशात मी आजचे रस्ते ठेवले होते. खेळणारे लगेच पुणे-नाशिक महामार्गाने निघाले. रस्ते काढून टाकले; भीमा, नीरा, कृष्णा, गोदावरी, वर्धा आणि तापी ठेवल्या, उतार आणि घाट खुणेने दाखवले. बाजीरावाचा माग एका सुतळीने लावला आहे: खडकी, माहुली, पंढरपूर, वर जुन्नरकडे, परत खाली कोरेगाव, सातारा, कृष्णेपलीकडे, मग आष्टी, तिथून उत्तरेला गोदावरी ओलांडून पार पांढरकवड्याजवळची शिवणी, आणि अखेर अशीरगडचा परिसर. सुतळी लावून झाल्यावर घरातल्या कुणीतरी विचारलं, "हा माणूस नक्की कुठे चालला होता?" प्रश्न बरोबर आहे. सुतळी फक्त खेळ चालवणाऱ्यासाठी ठेवली, खेळणाऱ्यांना दाखवायची नाही.

७ डिसेंबर

दाणावैरणीचा हिशेब. इथे बराच वेळ गेला, पण खेळाचा पाया हाच आहे, म्हणून तपशिलात लिहितो.

नमुन्याची फौज धरली १०,००० स्वार आणि ५,००० पायदळ. (खडकीला पेशव्यांकडे याच्या जवळपास दुप्पट माणूस होतं, पण सोपे आकडे हवेत.) लढणाऱ्याइतकेच बुणगे धरले: मोतद्दार, भिस्ती, बाजारकरी, बायकामुलं. म्हणजे तोंडं ३०,०००. माणशी रोज एक शेर धान्य म्हणजे ३०,००० शेर, ४० शेरांचा मण धरून ७५० मण. एका बैलावर दोन मण लादले तर रोजचे ३७५ बैल.

आता घोडी. दर घोड्याला रोज चार शेर चंदी, म्हणजे दाणा, धरली. १०,००० घोड्यांची ४०,००० शेर, म्हणजे १,००० मण, म्हणजे ५०० बैल. अख्ख्या छावणीतल्या माणसांपेक्षा घोडी जास्त खातात, आणि यात कडबा धरलेलाच नाही. कडबा घोड्यामागे दहा शेर धरला तर आणखी २,५०० मण आणि १,२५० बैल होतात, आणि ते बैलही वाटेत खाणारच. म्हणून वैरण लादून नेण्याचा विचारच सोडायचा. ती वाटेतल्या शिवारातून येते किंवा येत नाही.

नियम असा केला: चिंचोके लमाण नाईकाकडून विकत घ्यायचे, वैरण नकाशावरून उचलायची. एका जागेवरून एका मोसमात वैरण एकदाच मिळते. दुसरी फौज आधी येऊन गेली असेल तर ती जागा रिकामी.

मोसमाचे पत्ते केले. नोव्हेंबरात गवत आहे, खरीप घरात आलंय. जानेवारी-फेब्रुवारीत शाळू उभा आहे, फौजेला सगळ्यात सुखाचे दिवस हेच. एप्रिल-मे मध्ये रान करपलेलं, विहिरी खाली गेलेल्या. जूनमध्ये नद्या.

२१ डिसेंबर

पहिला पूर्ण खेळ झाला आणि साफ फसला.

बाजीराव झालेला मुलगा हुशार निघाला. तो इंग्रजांपासून दोन मुक्काम पुढे राहून एका भरल्या शिवारातून दुसऱ्यात जात राहिला. फेब्रुवारीपर्यंत त्याच्या फौजेला एकदाही उपास पडला नाही. मे मध्ये घोडी मरू लागली, पण तोवर सगळे कंटाळले होते. इंग्रजांकडून खेळणाऱ्याने पत्ते खाली ठेवले आणि म्हणाला, "मी नुसता मागे चालतोय."

वाईट एवढंच की हे इतिहासाला धरूनच आहे. प्रत्यक्षातही सात महिने असंच चाललं. बाजीरावाची फौज भुकेने मोडली नाही. चपळ घोडदळ भरल्या मुलुखात भुकेला हरवूच शकतं, मराठ्यांनी दीडशे वर्षं तेच केलं होतं. म्हणजे माझ्या खेळात नुसतं धान्य होतं आणि फौज मोडण्याचं कारण दुसरीकडे होतं.

४ जानेवारी

पैसा आणला. आमच्यातले एक काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यांनी ही बाजू अंगावर घेतली. मी प्रत्येक गटासाठी डावाला इतकी बटणं, एवढाच नियम केला होता. काकांनी पहिल्याच बैठकीत तो मोडीत काढला. "दिलेले पैसे काय दाखवतोस? न दिलेले दाखव."

त्यांनी प्रत्येक गटाला एक वही दिली. पगार मिळाला नाही की वहीत रेघ. रेघा साठत जातात, पुसल्या जात नाहीत. यानंतर टेबलावरचं बोलणंच बदललं. आधी सगळे नकाशाकडे बघत होते, आता वहीकडे बघू लागले.

त्या काळची पद्धतही साधारण अशीच. मोहिमेला निघताना शिलेदाराला नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळायची, मध्ये पोटापुरता रोजमुरा, आणि बाकीचा हिशेब मोहीम आटोपल्यावर. हातात रोख कधीच पूर्ण येत नसे. तलब, म्हणजे पगार, तुंबली की सरदाराच्या दारात धरणं धरायचं, अन्नपाणी अडवून बसायचं, हा सर्वांना ठाऊक असलेला मार्ग होता. शिंदे-होळकरांच्या छावण्यांत हे वरचेवर घडे. बंड म्हणून कुणी त्याकडे पाहत नसे, वसुलीची ती रीतच होती.

तरी खेळ दुसऱ्या टोकाला गेला. बाजीराव पैसे दाबून बसला, तिसऱ्या डावात सगळ्यांच्या वह्या भरल्या आणि सगळे एकदम सोडून गेले. डिसेंबर संपायच्या आत युद्ध खलास.

१८ जानेवारी

मागच्या खेळातली गडबड अशी की मी सगळ्या सैनिकांना एकच नियम लावला होता. फौज म्हणजे एक माणूस नव्हे. फौज सोडणं ही तिघांसाठी तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा पडला तर त्याची चाकरीच गेली, म्हणून घोडा धोक्यात घालायला तो नाखूश असतो. पण त्याला गाव आहे, बहुधा थोडंफार वतन आहे. तो जातो तेव्हा सांगून जात नाही, मुक्काम हलला की मागे राहतो. नियम: वहीत चार रेघा झाल्या किंवा फौज त्याच्या गावाजवळून गेली की फासा टाकायचा.

बारगिराचा घोडा आणि हत्यार पागेचं, म्हणजे मालकाचं. तो निघाला तर पायी निघतो, रिकाम्या हाताने. म्हणून तो सर्वांत उशिरा जातो. मात्र त्याला निरोप द्यायचा झाला की घोडा परत घ्यावा लागतो, आणि घोडा विकला जाईपर्यंत चंदी मागतो. खेळात एकाच डावात खूप घोडी विकायला काढली तर किंमत निम्मी होते. हा नियम आयत्या वेळी घातला आणि तो सगळ्यात चांगला चालला. फौज कमी केली की खर्च लगेच कमी होईल या हिशेबाने बसलेला बाजीराव एका डावात गार पडला.

तिसरा अरब. त्याला इतर पायदळापेक्षा पगार जास्त, म्हणून दुप्पट बटणं. तो शिबंदीतला, म्हणजे पगारी शिपायांतला, सगळ्यात चिवट लढवय्या, पण इथे त्याचं गाव नाही, मुलूख समुद्रापलीकडे. फौज मोडली तर तो जाणार कुठे? म्हणून त्याला सोडून जाण्याचा नियमच ठेवला नाही. वही भरली की तो मालकाच्या तंबूभोवती बसतो.

अरब जमादार झालेल्या मुलीने हे ऐकून विचारलं, "म्हणजे मी हरूच शकत नाही?" मी म्हटलं, बघू.

१ फेब्रुवारी

कोरेगाव खेळात घ्यायचं की नाही यावर वाद झाला. १ जानेवारी १८१८ ला शिरूरहून रात्रभर चालून आलेली सुमारे ८०० ची कंपनीची तुकडी भीमेकाठच्या गावात अडकली आणि दिवसभर पाण्यावाचून लढली. नदी समोर दिसते, पण मध्ये पेशव्यांचे अरब. लढाई म्हणून नको, पण पुरवठा म्हणून हवी, असं ठरलं. नियम एका ओळीचा: पाण्यापासून तुटलेल्या तुकडीचे चिंचोके मोजायचे नाहीत. वीस मिनिटांत काम झालं, पुढे.

११ फेब्रुवारी

आजच्याच तारखेचा पत्ता बनवला. १० फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि ११ ला एल्फिन्स्टनचा (पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट) जाहीरनामा निघाला. त्यात पेशवाई संपल्याचं तर होतंच, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं पुढचं: वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानांचे खर्च पूर्वीप्रमाणे चालतील. मात्र अशा जमिनी खाणाऱ्यांनी बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आत आपापल्या गावी यावं. न आले तर जमीन जाणार.

युद्ध चालू असताना समोरच्याची फौज मोडण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. एल्फिन्स्टनने एक रुपया दिला नाही. शिलेदाराच्या मालकीचं जे आधीच होतं, तेच त्याला परत देऊ केलं, मुदत घालून.

पत्ता खेळात टाकला आणि पुन्हा फसलं. पुढच्या डावात शिलेदार सगळेच गेले. शिलेदार खेळणारे गृहस्थ म्हणाले, "वतन वाचतंय तर थांबू कशाला?" त्यांचं बरोबर होतं, नियम चुकीचा होता. प्रत्यक्षात लोक असे झरझर गेले नाहीत. जाहीरनामा निघाला म्हणजे कळला असं नाही, कळला म्हणजे खरा वाटला असंही नाही. उद्या बाजीराव जिंकून परत आला तर आज सोडून गेलेल्याचं वतन तोच काढून घेईल, ही भीती होतीच.

२२ फेब्रुवारी

पत्ता तीन भागांत फोडला. आधी बातमी पोचली पाहिजे, इंग्रजांची तुकडी किंवा लमाणांचा तांडा त्या भागातून गेला की पोचते. मग वाट मोकळी पाहिजे. शेवटी कोण जिंकतंय याचा अंदाज.

तिसऱ्या भागासाठी आष्टी. २० फेब्रुवारीला बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. पुढे एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. या दोन गोष्टी मी आधी एकत्र धरल्या होत्या, त्या वेगळ्या केल्या. गोखले गेल्याने फौजेला बांधून ठेवणारा माणूस गेला. सरदार खेळणाऱ्याची भूमिका इथे संपते, त्याला पुढे पंच करायचं, नाहीतर बिचारा अर्धा खेळ चहा करत बसतो. छत्रपतींमुळे दुसरंच झालं. चाकरी सोडणं ही फितुरी वाटेनाशी झाली, कारण धनी तर साताऱ्यालाच बसणार होता.

आष्टीनंतर जाहीरनाम्याचा पत्ता दुप्पट वजनाने लागू. आता फौज बरोबर गळते: फेब्रुवारीअखेर दक्षिणेतले जहागीरदार, मार्चमध्ये गोदावरी ओलांडताना आणखी, आणि १७ एप्रिलला शिवणीला मार खाल्ल्यावर मोठा लोट. पटवर्धनांसारखे घराणेदार सरदार आधीच्या लोटात जातात हेही जुळलं. जहागिरी असलेल्यांना थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं.

राहिले कोण, तर ज्यांना परत जायला काही नाही ते. खेळणाऱ्यांनी हे स्वतःच हेरलं. मे महिन्यात बाजीरावाभोवती उरलेल्या बाहुल्या मोजल्या तर अरबांचं प्रमाण पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. फौज लहान झाली होती आणि जास्त धोक्याची झाली होती, पण इंग्रजांसाठी नव्हे, बाजीरावासाठी.

१५ मार्च

शेवट जमत नव्हता. ३ जून १८१८, बाजीराव इंग्रज सेनानी जॉन माल्कमच्या स्वाधीन. पद सोडायचं, दक्षिणेत पुन्हा यायचं नाही, सालाना ८ लाख रुपये. खेळ संपला म्हणून सगळे उठले. अरब जमादार एकटीच बसून. "माझी वही?"

तिच्या वहीत रेघाच रेघा. बाजीराव खेळणाऱ्याने खांदे उडवले, राज्यच गेलं तर पगार कसला.

९ जूनचं प्रकरण मला माहीत होतं, पण ते शेवटचा किस्सा म्हणून सांगायचा बेत होता. तो बदलला. शरण आल्यावर बाजीराव आपली छावणी घेऊन माल्कमबरोबर निघाला होता. माल्कम त्याला सांगत होता की अरबांना लवकर निरोप दे. त्याने चालढकल केली. ९ जूनला अरबांनी त्याचा तंबू वेढला. भांडण रकमेचं कमी आणि तारखेचं जास्त होतं. अरबांना बाजीरावाचा विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळ्याने चाकरीला ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, ठेवलं त्या दिवसापासून पगार धरा. बाजीरावाचं म्हणणं, माझ्याकडे आले त्या दिवसापासून. माल्कमने तोफा आणून रोखल्या, पण अरबांकडून गोळ्या सुटल्या तरी उलट मारा केला नाही, कारण मारा केला असता तर वेढ्यातला बाजीरावच आधी मेला असता. शेवटी हिशेब चुकता झाला आणि अरब उठले.

म्हणून खेळ आता ९ जूनला संपतो. शरणागती हा शेवटून दुसरा डाव.

नवा नियम: प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर चाकरीची तारीख आणि कोणी ठेवलं त्याचं नाव. खेळाच्या सुरुवातीला हे कुणीच नीट भरत नाही, "नंतर बघू" म्हणतात. भरायला आठवण करू नका. शेवटच्या डावात त्यावरूनच जुंपली पाहिजे.

२९ मार्च

फारखतीची, म्हणजे हिशेब मिटल्याची, चिठ्ठी घातली. गटाला निरोप देताना बटणं दिली की तेवढ्याने भागत नाही. जमादाराने "आमचं येणं काही राहिलं नाही" असं लिहून दिल्याशिवाय तो गट टेबलावरून उठत नाही. काका यावर भलतेच खूश झाले, आयुष्यभर नो-ड्यूज सर्टिफिकेटं दिली म्हणाले.

हे नुसतं सजावटीचं नाही हे बडोद्याच्या प्रकरणावरून दिसतं. तिथे गायकवाडांच्या कर्जाला सावकारांपुढे अरब जमादारच जामीन होते. १८०२ मध्ये त्यांना काढायचं ठरलं तेव्हा थकलेला पगार देणं हा अर्धाच भाग होता. जामीन उठला की सावकार पैसा मागायला दारात उभा. म्हणून अरबांच्या जागी कंपनीने स्वतः हमी घेतली, ती बहांदारी. फौज मोडायला निघालेल्या माणसाने आधी सावकाराशी बोलावं.

नागपूरही ताडून पाहिलं. डिसेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसले स्वाधीन झाल्यावर अरबांनी शहर धरून ठेवलं. २४ तारखेचा इंग्रजांचा हल्ला फसला, आणि आठवड्याच्या आत अरब वाटाघाटीने बाहेर पडले: बायकामुलं, सामानसुमान आणि सुखरूप वाट घेऊन. राजा शरण, फौज नाही, हे सहा महिन्यांत दोनदा घडलं. म्हणजे अपवाद म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

चिठ्ठ्या घाईने लॅमिनेट करून आणल्या, ₹६५०. त्यावर लिहिता येत नाही हे आणल्यावर लक्षात आलं. आता साधा कागद, दर खेळाला नवे.

१२ एप्रिल

गुण कसे द्यायचे? इंग्रज खेळणाऱ्याने खर्च कमी ठेवायचा असा नियम होता, त्यामुळे तो कधीच ८ लाख देऊ करत नसे. त्याला ते वेडेपणाचं वाटे. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जलाही रक्कम जास्तच वाटली होती. आणि बाजीराव बिठूरला १८५१ पर्यंत जगला, म्हणजे सरळ गुणाकार केला तर अडीच कोटींच्या वर गेले.

पण माल्कमच्या जागी बसून पाहा. जून उजाडलेला, पाऊस तोंडावर, नद्या भरल्या की तोफा हलणार नाहीत. बाजूला अशीरगड, तिथला किल्लेदार जसवंतराव लाड बाजीरावाकडे झुकलेला. बाजीराव किल्ल्यात शिरला असता तर पावसाळा संपेपर्यंत काही करता आलं नसतं. (अशीरगड घ्यायला एप्रिल १८१९ उजाडावं लागलं.) आणि बाजीराव मोकळा आहे तोवर प्रत्येक सुटलेल्या शिपायाला परत जायला एक छावणी आहे.

नियम: जूननंतर युद्ध चालू राहिलं तर इंग्रजांना प्रत्येक पावसाळी डावाचा दुप्पट खर्च, आणि निरोप दिलेल्या गटांपैकी एक गट परत बाजीरावाकडे. यानंतर इंग्रज स्वतःहून ८ लाखांचा पत्ता टाकू लागले. एकाने तर दहा टाकला. त्याला आवरावं लागलं.

२६ एप्रिल

खेळ संपल्यावर सुटलेले लोक कुठे गेले, यासाठी एक शेवटचं पान केलं आहे. इंग्रजांचे अर्धे गुण इथे ठरतात. इथे माझं मत मिसळलं आहे, हे खेळ चालवणाऱ्याने सांगून टाकावं.

ज्यांना कुठेतरी सामावून घेतलं ते गट शांत. १८१७ च्या पुणे तहानंतर उभं केलेलं ऑक्झिलरी घोडदळ, पुढे त्यातूनच पूना हॉर्स. अमीरखान पेंढाऱ्यांच्या बाजूचा मोठा पुंड, त्याला राजपुतान्यातलं टोंक दिलं, फौज मोडायला लावली आणि त्याची काही माणसं कंपनीने चाकरीत घेतली. करीमखान पेंढाऱ्याला गोरखपूरकडे जमीन. खानदेशात औट्रम या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली, तीही त्याच प्रकारची युक्ती.

ज्यांचा हिशेब कुणीच केला नाही ते गट पत्त्यांच्या ढिगात खाली सरकवायचे, ते नंतर वर येतात. किल्ल्यांची शिबंदी मोडली, रामोशांची राखणीची कामं आणि हक्क गेले. उमाजी नाईकांचा उठाव त्यातून उभा राहिला आणि १८३२ मध्ये त्यांना फाशी होईपर्यंत पुण्याच्या दक्षिणेचा डोंगरी मुलूख धुमसत राहिला. १८४४ मध्ये कोल्हापूरकडे गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ले राखणाऱ्यांनी, सामानगडावर बंडाचं निशाण उभारलं. गडकऱ्यांचा पगार जमिनीत होता, त्या जमिनीच्या व्यवस्थेला हात लागल्यावर ते उठले. खडकीला सत्तावीस वर्षं होत आली होती.

रामोशी आणि गडकरी हे गट सुरुवातीला टेबलावर नव्हतेच. किल्ले म्हणजे नकाशावरचे ठिपके होते. आता प्रत्येक किल्ल्याखाली एक लहान वही आहे. खेळ अर्ध्या तासाने लांबला, पण त्यावाचून शेवटचं पान खोटं झालं असतं.

१० मे

आजच्या खेळात माझ्याकडे फक्त पंचाची बाजू होती आणि नियमांचं पान दोनदाच उघडावं लागलं. एकूण खर्च ₹२,३०० च्या आसपास, त्यात फ्लेक्स आणि लॅमिनेशन वाया. पुन्हा करायचं झालं तर ₹९०० त होईल.

करणाऱ्यांसाठी सुट्या सूचना. बटणं दोन रंगांची घ्या, रोख वेगळी आणि सावकाराची हुंडी वेगळी. हुंडी शत्रूच्या मुलुखात वटत नाही. लमाण नाईकाला कुणाचीही बाजू घ्यायला लावू नका, तो दोन्ही छावण्यांना विकतो आणि तसाच ठेवायचा. मोसमाचे पत्ते आधीच उघडे ठेवा, मे येणार हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन गोष्टी अजून बसल्या नाहीत. त्रिंबकजी हा वेगळा खेळाडू हवा की नाही? तो माणसं ठेवतो आणि पगाराचं ओझं बाजीरावाच्या वहीत टाकतो, त्यामुळे कुणालाच तो आपल्या बाजूला नको असतो. सध्या त्याचा नुसता पत्ता आहे. दुसरं म्हणजे बालपरवेशी. पडलेल्या शिपायाच्या घरच्यांना चालणारी नेमणूक राज्य बुडाल्यावर कोण देणार, याचा नियम लिहून पाहिला, तर इंग्रज आणि बाजीराव दोघेही तो पत्ता एकमेकांकडे सरकवत बसतात. पुढच्या बैठकीत ही वही काकांकडे द्यायची आहे.